धोरणाचा अभ्यास करताय? आधी प्रश्न लहान करा

‘मराठवाड्यातील दुष्काळ धोरण’ हा विषय नव्हे, आठ जिल्ह्यांचा पसारा आहे. एक योजना, एक तालुका, एका वाक्यात मावेल असा एक प्रश्न घ्या. आधी शासन निर्णय वाचा, मगच प्रश्नावली.

सगळ्यात जास्त घसरण इथे होते: जलयुक्त शिवार या पाणी अडवण्याच्या योजनेत बंधाऱ्यांची कामं झाली, विहिरींना पाणी वाढलं, म्हणजे योजना यशस्वी! लातूरला एप्रिल 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी पावसाळा दणकून झाला. मग श्रेय बंधाऱ्याचं की पावसाचं? म्हणून काम न झालेलं, तशाच जमिनीचं शेजारचं गावही मोजा.

सरपंचांनी दाखवलेल्याच घरांत जाऊ नका. मतदार यादीतून दर दहावं नाव उचला, म्हणजे तांडा-वस्तीही सुटणार नाही.

आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर सध्या राहू द्या.