टपालाने आलेलं ताम्हण

प्रश्न : आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. माझं माहेर चिपळूणजवळचं. व्हाळाच्या काठाला वैशाखात फुललेली ताम्हणं बघतच मी लहानाची मोठी झाले. लग्नानंतर गेली एकोणीस वर्षं बार्शीत आहे. यंदा घराचं काम झालं आणि पुढे थोडं अंगण राहिलं, म्हणून हौसेने ऑनलाइन ताम्हण मागवलं. सहा दिवसांनी खोकं आलं. रोप दोन फुटांचं, पण निम्मी पानं पिवळी पडलेली, हात लावला की गळतात. शेजारचे म्हणतात, लगेच लावा आणि वर मूठभर डीएपी खत टाका. मुलगा म्हणतो, परत पाठवू. जमीन काळी आहे, दीड-दोन फुटांखाली मुरूम लागतो. काय करू? – एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, परत पाठवू नका आणि आज लावूही नका. आधी खोडावर नखाने जरासं खरवडून बघा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. सहा दिवस बंद खोक्यात, अंधारात राहिलं की पानं पिवळी होऊन झडतातच. फुटीचे डोळे शाबूत असले की पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते.

वरचं प्लॅस्टिक काढा आणि पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. अशा पिशवीत बहुधा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो वाळला की वरून तांब्याने घातलेलं पाणी पीत नाही, ते कडेने निघून जातं. मग आठ दिवस सावलीत, पुढचे आठ दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात. डीएपी अजिबात नको. मुळं थकलेली असताना खताचा क्षार त्यांना भाजतो. शेंडाही छाटू नका, मोडलेली फांदी तेवढी काढा.

लावताना खरं काम आहे ते पिशवीच्या आतलं, आणि ते मी स्वतः एकदा चुकलोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे फलटणला मी असंच पार्सलने ताम्हण मागवलं होतं. पिशवी फाडली, गड्डा जसाच्या तसा खड्ड्यात ठेवला, माती दाबली, पाणी घातलं. दोन पावसाळे झाले तरी रोप कमरेच्या वर गेलं नाही. तिसऱ्या वर्षी वळवाच्या वाऱ्याने ते आडवं झालं. उचलायला गेलो तर अख्खं हातात आलं. खाली मुळांची चुंबळ! डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी गोल गुंडाळलेली, आणि बाहेरच्या मातीत एकही मूळ गेलेलं नाही. काळी माती पाणी धरून बसते, शेजारच्या भुसभुशीत कोकोपीटला ते सहजी देत नाही. भोवती चिखल आणि रोप मात्र तहानलेलं, असं दोन वर्षं चाललं होतं. मी वरून ओल बघून समाधान मानत होतो.

म्हणून पिशवी पूर्ण काढा. नुसती बुडाला चीर देऊन भागत नाही. आत पातळ कापडाची किंवा जाळीची आणखी एक थैली निघते का तेही चाचपा, निघाली तर सोडवा. बाहेरचं कोकोपीट बोटांनी हलकेच विंचरून झाडून टाका. गोल फिरलेली मुळं उलगडून मोकळी करा, उलगडत नसतील ती कात्रीने कापा. भीती वाटेल, पण कापल्या जागी नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेला जातात.

खड्डा पिशवीच्या उंचीइतकाच खोल, रुंदीला मात्र तिप्पट घ्या. काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात शेणखत-वाळू भरली की पावसात त्याचा हौद होतो, आणि भर बसली की रोपही खाली जातं. कुदळीने गुळगुळीत झालेल्या कडा पहारीने खरबरीत करा. काढलेलीच माती परत भरा. कुजलेलं शेणखत घमेलंभर, तेही वरच्या थरात. खोड जिथे मुळांना मिळतं ती जागा जमिनीच्या बोटभर वर राहू द्या.

एक गोष्ट बार्शीकडची म्हणून सांगतो. तुमच्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे असतील तर मूठभर मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर चुना भरपूर आहे. अशा जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता असते, युरियाने जात नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला.

भिंतीपासून दहा-बारा फूट लांब लावा, वर विजेची तार नको. सोबत आलेली घट्ट बांधलेली काडी काढून टाका. वाराच असेल तर थोड्या अंतरावर काठी रोवून जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा. वाऱ्याने थोडं हलू द्या, खोड त्यानेच भरतं. पालापाचोळ्याचा चार बोटं थर घाला, पण खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

ताम्हण मूळचं पाण्याकाठचं, ते तुम्ही पाहिलेलंच आहे. बार्शीत पहिले दोन उन्हाळे ते तुमच्या पाण्यावर जगेल. दोन-तीन इंच बोट घालून बघा, कोरडं लागलं की दोन बादल्या. आळं दर काही महिन्यांनी बाहेर सरकवत रुंद करा, म्हणजे मुळं पाण्यामागे लांब जातील. तिकडे डाळिंब कसं तगतं ते तुम्ही रोज बघता. ताम्हण, डाळिंब आणि मेंदी एकाच कुळातली, पण डाळिंबाइतका ताण ताम्हणाला, निदान लहानपणी तरी, सोसवत नाही.

आता एकदा पान मोजा. ताम्हणाचं पान वीतभर, निदान चार-पाच इंच तरी लांब असतं. दोन इंचांचं असेल तर तुम्हाला क्रेप मर्टल पाठवलंय. तेही ताम्हणाचं भावंडच आणि फुलतं छान, पण ते झुडूप आहे, आपलं राज्यफूल नव्हे. तसं असेल तर मात्र मुलाचं ऐका, परत पाठवा.

आणि थंडीत पानं लालसर होऊन सगळी झडतील, नुसती काडी उरेल. मेलं समजून याच वेळी रोपं उपटणारे मी कितीतरी पाहिलेत. तुम्ही नखाने खरवडून बघा आणि पाडव्यापर्यंत थांबा. तोवर महिन्यातून दोन-तीनदा पाणी पुरे.