रात्री नऊ वाजले की

"मॅडम, एवढं सगळं सोसून बाहेर पडले, तरी त्याची आठवण का येते? माझ्यातच काय खोट आहे का?"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकलाय. बहुतेकींना तो विचारतानाही लाज वाटते. ज्या मुलीमुळे हे लिहितेय तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला अनुजा म्हणूया.

अनुजा 26 वर्षांची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. तीन वर्षं एका मुलाबरोबर होती. रोज रात्री नऊला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि घरीच आहे हे पटवायला तिनं फोन खोलीभर फिरवून दाखवायचा. एटीएम कार्ड त्याच्याकडे. जुन्या मैत्रिणीशी बोलली की चार दिवस अबोला. शेवटी ऐन दिवाळीच्या गर्दीत, महाद्वार रोडवर त्यानं तिचा फोन हिसकावून आपटला. ती केएमटीची बस पकडून घरी आली आणि आईला सगळं सांगितलं.

माझ्याकडे आली तेव्हा त्याला आठ महिने झाले होते. तरी नऊ वाजले की पोटात गोळा यायचा, हात आपोआप फोनकडे जायचा. "मग हेच खरं प्रेम असणार," असं तिनं स्वतःला समजावायला सुरुवात केली होती. मला खरी काळजी वाटली ती या वाक्याची.

तिला मी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबूतरांवरच्या प्रयोगांबद्दल सांगितलं. चोचीनं बटण टोचलं की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणे बंद झाले की लवकर टोचायचं थांबतं. ज्याला कधी मिळतो, कधी नाही, ते मात्र दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. चार दिवसांच्या अबोल्यानंतर अचानक गजरा घेऊन दारात उभा राहणारा माणूस असाच मनात रुतून बसतो. सतत वाईट वागणारा सोडायला सोपा असतो. आठवण येते म्हणजे परत जायला हवं असा तिचा अर्थ होत नाही. मनाला लागलेली सवय सुटताना त्रास देतेच.

अनुजा गप्प राहिली. मग म्हणाली, "पण पन्हाळ्याचा तो दिवस खरंच छान होता की."

छान होताच, ते मी नाकारलं नाही. एवढंच म्हटलं, की अशी गोड आठवण आली की वहीत लिहायची, आणि तिच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, दुसऱ्या दिवशी काय झालं, तेही खाली लिहायचं. पुढच्या वेळी वही घेऊन आली. पन्हाळ्याच्या आदल्या रात्री तो तिला मैत्रिणीवरून वाटेल ते बोलला होता. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कार्ड मागून घेतलं होतं. "हे मी विसरलेच होते," म्हणाली आणि खूप रडली. त्या दिवशी मी दुसरं काहीच काम काढलं नाही.

आईचं वेगळंच चाललेलं. "एखादं स्थळ बघतो मॅडम, म्हणजे हिचं मन रमंल." त्यांची तळमळ खरी होती, पण मी स्पष्ट सांगितलं, की आत्ता नको. आधी तिला स्वतःचा पगार स्वतः खर्च करू दे, मैत्रिणीला फोन करू दे. नव्या एटीएम कार्डाचा पिन तिनं पहिल्यांदाच कुणालाही न सांगता ठेवला, त्याचं मला फार अप्रूप वाटलं.

मध्येच तो नवनव्या नंबरवरून मेसेज करू लागला, कंपनीच्या गेटपाशी थांबू लागला. इथं समुपदेशन पुरत नाही. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, जिवाला धोका वाटला तर 112. अनुजा वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली, तक्रार दिली. त्यानंतर तो गेटपाशी दिसला नाही.

गेल्या आठवड्यात आली आणि बसता बसताच म्हणाली, "मॅडम, काल घड्याळ बघितलं तर साडेनऊ वाजलेले. मी भाकऱ्या थापत होते."

ऑफिसची सहल पन्हाळ्याला निघतेय. जायचं का, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.