मिलानचा पहिला ड्यूक जान गालेआत्सो विस्कोंती कसा राज्यकर्ता होता? तो आणखी दहा वर्षं जगला असता तर इटलीचा राजा झाला असता का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. काकाला दग्याने पकडून गादी मिळवणारा हा माणूस राज्यकर्ता म्हणून कसा होता, आणि 1402 मध्ये तापाने गेला नसता तर मिलानचं वैरी शहर-राज्य फ्लॉरेन्स घेऊन अख्ख्या इटलीचा राजा झाला असता का. मी शिक्षणासाठी दोन वर्षं मिलानजवळच्या पावियाला राहिलो. त्याच्या वडिलांनी बांधलेला विटांचा भलाथोरला किल्ला तिथे रोज जाता-येता दिसायचा, आणि त्यातूनच मला या घराण्याचा नाद लागला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जान गालेआत्सोसारखा कारभारी त्या काळच्या इटलीत दुसरा नव्हता. पण त्याने उभं केलेलं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात आणि दफ्तरात होतं. फ्लॉरेन्स कदाचित पडलं असतं. इटलीचा राजा मात्र तो झाला नसता.

सुरुवात लग्नापासून करावी लागते. त्याचा जन्म 1351 चा. 1360 मध्ये, अजून पोरवयात, फ्रान्सचा राजा जॉन दुसरा याच्या इझाबेल नावाच्या मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं. या राजाला इंग्रजांनी लढाईत पकडलं होतं आणि सुटकेची खंडणी भरायला त्याला रोख पैसा हवा होता. विस्कोंतींकडे पैसा भरपूर होता, राजघराण्यांच्या पंगतीत बसायचा मान नव्हता. सौदा जमला. मुलाकडून मुलीच्या बापाला 6 लाख फ्लोरिन, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, मोजले गेले असं सांगतात. सून येताना शांपान्य प्रांतातल्या वेर्त्यू गावची जहागीर घेऊन आली. वेर्त्यूचं इटालियन रूप वीर्तू, आणि वीर्तू म्हणजे सद्गुण! त्यामुळे ड्यूक होईपर्यंत लोक त्याला ‘सद्गुणांचा काउंट’ म्हणत राहिले. इझाबेल 1372 मध्ये बाळंतपणात गेली. तिचे मुलगेही जगले नाहीत, वाचली ती एक मुलगी, वालेंतीना. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येते.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1373 मध्ये मोंतिक्यारीच्या लढाईत तो स्वतः उतरला होता. समोर जॉन हॉकवूड हा इंग्रज भाडोत्री सरदार होता. जान गालेआत्सो घोड्यावरून खाली पडला, त्याच्या लोकांनी कसंबसं त्याला बाहेर काढलं. त्यानंतर आयुष्यभर त्याने फौजेच्या पुढे उभं राहून लढाई केली नाही. लढायला पगारी सेनापती ठेवले आणि स्वतः पावियाच्या किल्ल्यात बसून पत्रं, करार, हिशेब बघत राहिला. पुढचं त्याचं सगळं राजकारण या एका निर्णयातून येतं असं मी मानतो.

1378 मध्ये वडील वारले. घराण्याचा मुलूख तेव्हा दोघांत वाटलेला होता. पावियाकडचा अर्धा जान गालेआत्सोकडे, आणि मिलानमध्ये बसून उरलेला अर्धा सांभाळणारा चुलता बेर्नाबो. हा बेर्नाबो म्हणजे रांगडा, तापट, शिकारीचा वेडा. हजारो शिकारी कुत्रे रयतेच्या घरी सांभाळायला दिलेले आणि कुत्रा वाळला तर घरमालकाला दंड, अशा त्याच्या कथा आहेत. मिलानच्या स्फोर्त्सा किल्ल्यातल्या संग्रहालयात त्याचा संगमरवरी अश्वारूढ पुतळा आहे. मी त्यासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. घोड्यावर ताठ बसलेला हा माणूस कुणाला घाबरेल असं वाटतच नाही, आणि तिथेच त्याचा घात झाला. पुतण्याला तो भित्रा, देवदेव करणारा समजत होता. 1380 मध्ये त्याने आपली मुलगी कातेरीना त्यालाच दिली, म्हणजे चुलता आता सासराही झाला.

मे 1385 मध्ये पुतण्याचा निरोप आला: वारेसेच्या डोंगरावर मेरी मातेच्या दर्शनाला निघालोय, मिलानमध्ये शिरत नाही, वेशीबाहेर भेटूया. सोबत हत्यारबंद स्वार होते, पण जिवाच्या भीतीने हा मुलगा नेहमीच पहारा घेऊन फिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. जवळच्यांनी सावध केलं असतानाही 6 मे रोजी बेर्नाबो दोन मुलांसह खेचरावर बसून भेटायला गेला. गळाभेट झाली आणि याकोपो दाल वेर्मे या सेनापतीने त्याला तिथल्या तिथे ताब्यात घेतलं. मिलानच्या लोकांनी दरवाजे उघडले आणि बेर्नाबोचे वाडे लुटले. करांनी पिचलेली जनता चुलत्यासाठी उभी राहणार नाही, हा पुतण्याचा हिशेब अचूक निघाला. बेर्नाबो अद्दा नदीकाठच्या त्रेत्सोच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि डिसेंबरात मेला. विषप्रयोग झाला असं तेव्हापासून बोललं जातं. इंग्रज कवी चॉसर मिलानला येऊन बेर्नाबोला भेटून गेला होता, त्यानेही या मृत्यूवर काही ओळी लिहिल्या आहेत.

दगा तर होताच, त्यावर पांघरूण घालायची गरज नाही. मला त्यातलं एक वेगळंच दिसतं: एका सकाळीत, जवळपास रक्त न सांडता, दोन राज्यांचं एक झालं. त्यानंतर त्याने चुलत्याच्या गुन्ह्यांची रीतसर यादी करवून घेतली, म्हणजे बळाने घेतलेल्या गोष्टीला कागदाचा आधार दिला. हीच त्याची कामाची पद्धत.

पण या सकाळीची किंमत वालेंतीनाने भरली. बेर्नाबोची नात इझाबो त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सच्या राजाची, सहाव्या चार्ल्सची, राणी झाली. आजोबांना कुणी मारलं हे ती विसरली नाही. 1389 मध्ये वालेंतीना त्याच राजाच्या धाकट्या भावाशी लग्न करून त्या दरबारात गेली. पुढे राजाला वेडाचे झटके येऊ लागले, आणि वालेंतीना त्याच्यावर करणी करते असा बोभाटा पॅरिसभर झाला. वेडाच्या भरात राजाला तिच्याच सहवासात शांत वाटायचं, तेच तिच्या विरुद्ध गेलं. 1396 मध्ये तिला दरबार सोडावा लागला. बापाच्या राजकारणात मुलीचं आयुष्य असं भरडलेलं वाचून मला आजही वाईट वाटतं.

आता राज्यकर्ता म्हणून. 1387 मध्ये त्याने व्हेरोना आणि विचेन्त्सा घेतलं, तेही पादुआच्या कारारा घराण्याला सोबत घेऊन. विचेन्त्सा तुम्हाला देतो असं त्यांना सांगितलं होतं. ते स्वतःकडेच ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला हाताशी धरून पादुआही घेतलं. पादुआ 1390 मध्ये काराराच्या मुलाने परत मिळवलं, पण एवढ्यात सगळ्या उत्तर इटलीला कळून चुकलं होतं की या माणसाशी केलेला करार म्हणजे पुढच्या खेपेला आपली पाळी. मांतुआ ताब्यात येईना तेव्हा त्याने मांतुआला वेढणारी मिंचो नदीच अडवायचा घाट घातला. 1393 मध्ये वालेज्योजवळ बांधलेला तो पूल-बांध सुमारे 650 मीटर लांब आहे आणि आजही उभा आहे. नदी काही वळली नाही.

मिलानच्या प्रसिद्ध कॅथेड्रलचं काम 1386 मध्ये आर्चबिशप आणि शहरवासीयांनी सुरू केलं, पण त्याला आजचं रूप आलं ते याच्या हट्टामुळे. मिलानभोवतीचा लोंबार्दी प्रांत म्हणजे विटांचा मुलूख. याने कांदोल्याच्या खाणीतला गुलाबी छटेचा संगमरवर बांधकामाला दिला आणि त्याच्या वाहतुकीवरचा जकात-कर माफ केला. दगड तोचे नदीतून मोठ्या तळ्यात, तिथून तिचीनो नदीत आणि मग कालव्याने थेट मिलानपर्यंत होडीतून यायचा. ‘बांधकामाच्या उपयोगासाठी’ या अर्थाची तीन लॅटिन आद्याक्षरं मालावर असली की नाक्यावर कुणी अडवायचं नाही. ही माफी नसती तर एवढा दगड शहरात आणणं परवडलं नसतं. लोक त्याच्या लढाया मोजतात, मला हा जकातमाफीचा हुकूम त्याची जास्त चांगली ओळख वाटते.

वडिलांनी 1361 मध्ये सुरू केलेलं पावियाचं विद्यापीठ आणि किल्ल्यातला ग्रंथसंग्रह त्याने वाढवला. 1426 च्या यादीत त्या संग्रहात 988 नोंदी आहेत. हस्तलिखितांच्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे. जोव्हान्नी दोंदी या वैद्याने सोळा वर्षं खपून बनवलेलं, ग्रहांची गती दाखवणारं घड्याळही याच किल्ल्यात होतं.

ड्यूकची पदवी त्याने सरळ विकत घेतली. तोवर विस्कोंती हे कायद्याने सम्राटाचे मिलानमधले प्रतिनिधी, एवढंच. 1395 मध्ये जर्मन राजा वेन्सेस्लाउस याला 1 लाख फ्लोरिन देऊन त्याने वंशपरंपरागत ड्यूकपद मिळवलं आणि 5 सप्टेंबरला सान्त आम्ब्रोजोच्या चर्चसमोरच्या चौकात थाटात सोहळा केला. विस्कोंतींचं चिन्ह, माणूस गिळणारा साप, तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. अल्फा रोमिओ मोटारींच्या बिल्ल्यावर उजवीकडे तोच असतो. जर्मन सरदारांना हा व्यवहार इतका झोंबला की 1400 मध्ये वेन्सेस्लाउसला पदच्युत करताना त्याच्यावरच्या आरोपांत तोही घातला. नवा राजा रुपर्ट मिलानला धडा शिकवायला आल्प्स ओलांडून आला आणि 1401 मध्ये ब्रेशियाजवळ मार खाऊन परतला.

राहिलं फ्लॉरेन्स. दोघांचं वैर 1390 पासून पेटलं आणि ते तलवारीइतकंच लेखणीने लढलं गेलं. फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहार बघणारा मुख्य सचिव, कोलुच्चो सालुताती युरोपभर पत्रं पाठवून याला जुलमी म्हणायचा आणि फ्लॉरेन्सला स्वातंत्र्याचा कैवारी. सालुतातीचं एक पत्र हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान करतं, असं वाक्य जान गालेआत्सोच्या तोंडी घातलं जातं. तो खरंच तसं म्हणाला असो वा नसो, पत्राची ताकद त्याच्याइतकी कुणाला कळत होती? इकडे त्याचा फास आवळत होता. 1399 मध्ये पिसा विकत घेतलं, त्याच वर्षी सिएना आलं, 1400 मध्ये पेरुजा. 26 जून 1402 रोजी कासालेक्योची लढाई जिंकली आणि बोलोन्याही हाती आलं. फ्लॉरेन्सच्या व्यापाराचे रस्ते आणि समुद्राची वाट त्याच्या हातात गेली होती.

साथीपासून दूर म्हणून तो मेलेन्यानोच्या किल्ल्यात जाऊन राहिला होता. तिथेच ताप येऊन 3 सप्टेंबरला गेला. वय पन्नास.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सापडतं. थोरला मुलगा जोव्हान्नी मारिया चौदा वर्षांचाही नव्हता, धाकटा फिलिप्पो मारिया दहाचा. कातेरीना पालक म्हणून कारभार बघू लागली, पण पुढे तिलाच कैद झाली आणि 1404 मध्ये ती कैदेतच मेली. ज्यांच्या जोरावर मुलूख जिंकला ते पगारी सेनापतीच शहरं बळकावून बसले: फाचीनो काने आलेस्सांद्रियात, पांदोल्फो मालातेस्ता ब्रेशियात. 1405 संपेपर्यंत व्हेरोना, विचेन्त्सा आणि पादुआ व्हेनिसकडे गेलं होतं, आणि 1406 मध्ये पिसा चक्क फ्लॉरेन्सने घेतलं. वीस वर्षांचं काम चार वर्षांत उसवलं. जिंकलेल्या शहरांना एकत्र बांधणारं, त्याच्या मागे टिकेल असं काही तयारच झालं नव्हतं. त्या शहरांचा करार ‘मिलान’ नावाच्या राज्याशी नव्हता, या एका माणसाशी होता.

म्हणून मी म्हणतो, आणखी एक वर्ष मिळालं असतं तर उपासमारीने फ्लॉरेन्सने कदाचित दरवाजे उघडले असते. पण त्यापुढे व्हेनिस होतं, पोप होता, दक्षिणेला नेपल्सचं राज्य होतं, आणि हे तिघे तोवर गप्प होते ते त्याच्या प्रेमामुळे नव्हे. कर आणखी वाढवावे लागले असते आणि लोक आधीच त्याखाली वाकले होते. त्याने राजमुकुट तयार ठेवला होता ही वदंता फ्लॉरेन्सवाल्यांनी जास्त रंगवली. पराभव इतक्या जवळून पाहिल्यावर शत्रू आहे त्याहून मोठा दिसतोच.

जोव्हान्नी मारियाचा 1412 मध्ये चर्चला जाताना खून झाला. धाकट्याने बापाचं बरंच राज्य परत जोडलं, पण 1447 मध्ये मुलगा मागे न ठेवता तो गेला आणि त्याच्या मुलीच्या नवऱ्याकडे, फ्रांचेस्को स्फोर्त्साकडे, मिलान आलं. 1499 मध्ये फ्रान्सचा बारावा लुई मिलान घ्यायला आला तो आजीच्या हक्कावर. ती आजी म्हणजे वालेंतीना.

कधी पावियाला गेलात तर गावापासून आठेक किलोमीटरवरचा चेर्तोसा मठ चुकवू नका. कातेरीनाच्या नवसाखातर जान गालेआत्सोने 27 ऑगस्ट 1396 रोजी त्याची पायाभरणी केली. त्याचा मृतदेह 1474 मध्ये तिथे आणला आणि संगमरवरी समाधी त्यानंतर झाली. तिथेच बेर्गोन्योनेने काढलेलं एक भित्तिचित्र आहे: ड्यूक गुडघे टेकून मठाची छोटी प्रतिकृती मातेच्या हाती देतोय आणि शेजारी त्याची मुलं हात जोडून बसली आहेत. ते रंगवलं गेलं तेव्हा त्याला जाऊन सुमारे नव्वद वर्षं झाली होती, आणि चित्रातल्या एकाही मुलाचा पुरुषवंश उरलेला नव्हता. मला त्या चित्रापुढून लवकर निघवलं नाही.