पहिल्या भेटवस्तूसाठी चांदी बघ

अरे, मैत्रिणीला पहिली भेटवस्तू म्हणून अंगठी द्यावी का विचारतोस, तर अंगठी नको. आपल्या सांगलीत मुलीच्या बोटात अंगठी दिसली की घरच्यांना थेट साखरपुडाच आठवतो, मग उत्तरं तिला द्यावी लागतात. नाजूक चांदीची चेन घे. सराफ कट्ट्यावर ९२५ चा शिक्का बघूनच घे, त्यात ९२.५ टक्के चांदी असते, बाकी बहुधा तांबं. काळी पडली तरी पुसल्यावर उजळते. स्वस्तातल्या खोट्या कानातल्यांत बऱ्याचदा निकेल असतं, काहींचे कान त्याने चिघळतात. तसलं काही तिला देऊ नकोसच. पैसे स्वतः साठवलेले असू देत, उसने नकोत. आणि आधी तिला विचार, घरी घालता येईल का? नको म्हणाली तर आग्रह धरू नकोस. पुढे बिनसलं तरी चेन परत मागायची नाही.