रास्पबेरी पाय आणि संथ मेमरी कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वेष्टनावर सेकंदाला १०० मेगाबाइट वेग छापलेले कार्ड माझ्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकात २२ च्या पुढे जात नाही. ते बनावट असेल का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पाय ३ चा कार्ड स्लॉट ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर (सेकंदाला ५ कोटी ठोके) एका वेळी ४ बिट वाहून नेतो. त्यामुळे त्याची सैद्धांतिक मर्यादाच सेकंदाला २५ मेगाबाइट आहे आणि २२ हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल. पाय ४ मध्ये ही मर्यादा ५० वर, तर पाय ५ मध्ये १०० च्या आसपास जाते. तरीही शंका असल्यास ‘एफ थ्री’ हा प्रोग्राम चालवावा. तो कार्डाची मोकळी जागा भरून पुन्हा वाचतो, त्यामुळे क्षमतेतील खोटेपणा उघड होतो.

प्रश्न : पाय ४ वर वेगचाचणीत ४० मेगाबाइट दिसतात, पण अपडेट सुरू असताना सगळेच अडखळते. असे का?

उत्तर : आपण मोजलेला वेग एका मोठ्या फाइलचा, सलग वाचनाचा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र सतत काही किलोबाइटचे तुकडे विखुरलेल्या जागी लिहीत असते, आणि फ्लॅश मेमरीत लहानसा बदल करायचा तरी कार्डाच्या कंट्रोलरला अनेकदा मोठ्या ब्लॉकमधला मजकूर हलवून तो ब्लॉक पुसावा लागतो. कॅमेऱ्यासाठी उत्तम ठरलेले कार्ड इथे रखडते ते यामुळेच. म्हणून माझ्या मते खरेदी करताना ‘ए१’ ही खूण आधी पाहावी. ती सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने यांची हमी देते. ‘ए२’ चे आकडे मोठे असले, तरी ते गाठण्यासाठी संगणकाने कमांड क्यू (आदेशांची रांग) आणि कॅश (तात्पुरता साठा) वापरावी लागते, आणि पाय ४ ती वापरत नाही. रॅम अपुरी पडून स्वॅप (रॅममध्ये न मावणारा मजकूर) कार्डावर जात असेल, तर कोणतेही कार्ड थकेल. ‘आयओटॉप’ लावून कोणता प्रोग्राम सतत लिहितो आहे ते पाहावे आणि स्वॅपसाठी रॅममध्येच संकुचित जागा देणारा झेडरॅम वापरावा.

प्रश्न : जुने कार्ड अचानक फार संथ झाले आहे. फॉरमॅट करू का?

उत्तर : आधी बॅकअप घ्यावा, आणि तोही आजच. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) नोंदींत वाचन-लेखनाच्या चुका दिसत असतील, तर फॉरमॅटचा उपयोग नाही, कार्ड बदलावे. चुका नसतील, तर कार्ड काठोकाठ भरले आहे का आणि नोंदींत कमी व्होल्टेजचा इशारा आहे का, हे तपासावे. कमकुवत अडॅप्टरमुळे प्रोसेसरच मंदावतो आणि दोष मात्र कार्डावर येतो.