'जीवन संतुष्टी' नको, समाधान म्हणा

पार्ल्याच्या एका ताईंच्या सोसायटीत नागरिकांची पाहणी चालू आहे. अर्जात छापलंय, 'आपली जीवन संतुष्टी ० ते १० मध्ये नोंदवा.' हे मराठी बरोबर आहे का, असं त्या विचारतात.

संतुष्टी नकोच. मराठीत देव संतुष्ट होतो आणि तिकीट न मिळालेले इच्छुक असंतुष्ट होतात. रोजच्या आयुष्याबद्दल बोलताना आपल्या तोंडी येतं ते समाधान. तो शब्द अर्जातून का हटला ते मला लोकलमध्ये रोज ऐकू येतं: 'पाण्याच्या समस्येचं समाधान निघालं.' अहो, समस्या सुटते, तिच्यावर तोडगा निघतो, तक्रारीचं निवारण होतं. समाधान माणसाचं होतं! हिंदीच्या वळणाने त्याचा अर्थ 'तोडगा' करून टाकला आणि रिकाम्या जागी संतुष्टी आणून बसवली.

माझे एक संस्कृतज्ञ स्नेही यावर 'शंका-समाधान' पुढे करतात. मला ते साफ अमान्य आहे. शंका मनात असते, म्हणून तिचं समाधान होतं. खड्डा रस्त्यात असतो, तो बुजवावा लागतो.

मूळ पाहा: सम् + आ + धा. धा म्हणजे ठेवणे. निधी, निधान, लग्नातल्या 'सावधान'मधलं अवधान, सगळी याच धातूची लेकरं. समाधी तर सख्खी बहीण. वेदान्तात साधकाला लागणाऱ्या शमदमादी सहा गुणांच्या संपत्तीतही समाधान आहे, म्हणजे चित्त नीट एका जागी ठेवणं. आता तुकोबांची ओळ घ्या: 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान.' आरंभी 'ठेविले', शेवटी 'समाधान'. धातूचा अर्थ एका टोकाला आणि शब्द दुसऱ्या टोकाला! हा योगायोग आहे असं मला कोणी पटवू शकणार नाही.

आणि गंमत म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली पाहणीतली शिडीसुद्धा हेच विचारते. सर्वांत वाईट आयुष्य ० वर, सर्वांत चांगलं १० वर, तुम्ही कुठल्या पायरीवर? जागतिक आनंद अहवालातले देशांचे क्रमांक याच प्रश्नावरून लागतात. भूतानने देशाचा आनंद मोजायला ३३ निर्देशकांचा मोठा व्याप मांडला, पण त्यातही माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटतं हे विचारावंच लागलं.

ताई, क्रियापद मात्र जपा. मराठीत समाधान वाटतं आणि समाधान मानूनही घेतलं जातं. तुकोबांनी सांगितलं ते स्वतःच्या मनाला. शहर कसं चाललंय ते त्यावरून मोजता येत नाही. पहाटे तासभर येणाऱ्या पाण्यात समाधान मानणारी चाळीतली बाई ८ लिहील, आणि तिची सोशिकता पाहणीत सोय म्हणून मोजली जाईल. म्हणून अर्जात एवढंच छापा: 'सध्याच्या आयुष्याबद्दल तुम्हाला किती समाधान वाटतं?'