१०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही इंटरनेट फोनवर माझा आवाज समोरच्याला तुटक का जातो? प्लॅन वाढवू का?

प्लॅन वाढवायची घाई करू नका. तुम्हाला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं आणि तुमचंच तिकडे तुटतं, म्हणजे दुखणं बहुधा अपलोडमध्ये आहे. एका कॉलला जी.७११ कोडेकवर (आवाजाचं डेटात रूपांतर करायची एक पद्धत) जेमतेम ९० केबीपीएस लागतात. फक्त आवाजाची पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, दर २० मिलिसेकंदांनी, वेळच्या वेळी पोचायला हवीत. फार उशिरा आलेलं पॅकेट हरवल्यातच जमा.

माझ्याकडे हाच घोळ होता. संध्याकाळी घरात शिरलो की मोबाइल वायफाय पकडायचा आणि दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागायचे. त्याच वेळी कॉलवर असलो की समोरून ‘हॅलो, हॅलो, मधलं काही कळलं नाही’ सुरू. नवा हेडसेटही घेऊन झाला, उगाच! शेवटी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवलं आणि एक मोठी फाइल अपलोडला लावली. १८ मिलिसेकंदांचं पिंग थेट ७००च्या वर. याला बफरब्लोट म्हणतात: १० एमबीपीएसच्या अपलोडवर मोडेममध्ये १ एमबीची रांग तुंबली, तर शेवटचं पॅकेट ०.८ सेकंद ताटकळतं.

तुमचंही पिंग असंच उसळलं तर राउटरमध्ये एसक्यूएम (पॅकेट्सची रांग आवरणारी सोय) शोधा, त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत निवडा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. प्लॅनवर छापलेला आकडा धरू नका. मग रांग मोडेमऐवजी राउटरच्या ताब्यात राहते आणि फोनच्या पॅकेटला वाट मिळते. मर्यादा न घालता नुसतं ‘व्हॉइसला प्राधान्य’ टिक करून मला काडीचा फरक पडला नव्हता. थोडा वेग जातो खरा, पण मला तो जाणवलेला नाही.

घंटा वाजते पण एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो, असं होत असेल तर ती भानगड वेगळी. तिथे राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ (इंटरनेट कॉलच्या पॅकेट्समध्ये फेरफार करणारी सोय) आधी बंद करून पाहा.

आणि केबलवर पिंग स्थिर असूनही वायफायवर आवाज तुटत असेल, तर वायफायवरून राउटरच्याच पत्त्याला पिंग करा. तिथेच आकडे ३, ४, १६०, ५ असे नाचले, तर फोनला केबल लावा. ते जमत नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर जा, २.४वर मायक्रोवेव्हसुद्धा लुडबुड करतो.